पुढील भागात

माणसानं आयुष्यात कशाचा तरी भक्त असावं असं म्हणतात. कुणी विठोबाचा असतो, कुणी सचिन तेंडुलकरचा असतो, कुणी नुसताच हापूस आंब्याचा असतो. मी टी.व्ही.वरच्या मालिकांचा आहे. हे वाक्य लिहायला मला फारसा धीर गोळा करावा लागला नाही. निवृत्त माणसाला अब्रूची धास्ती तशी कमीच असते.

पुरुषानं मालिका बघणं हे आपल्याकडे अजून बरं समजत नाहीत. आमच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसणारे सगळे पुरुष ‘आपण फक्त बातम्या बघतो’ असं सांगतात. आता बातम्यांत आणि मालिकेत फरक तो काय उरला आहे? दोन्हीकडे एकाच वेळी आठ माणसं बोलतात, दोन्हीकडे मागे ढगांचा गडगडाट असतो आणि दोन्हीकडे काल काय झालं ते आज कुणालाच आठवत नाही. मालिकेला निदान शीर्षकगीत तरी असतं!

तळमजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. मालिका हा विषय निघाला की ते ‘छे छे, भिकार!’ म्हणतात. पण एकदा मी मुद्दामच एका सासूला ‘थोरली जाऊ’ म्हणालो, तर पुढच्या क्षणी त्यांनी मला दुरुस्त केलं. वर त्या घराची तीन पिढ्यांची वंशावळ सांगितली. मालिकेला शिव्या देण्यासाठी का होईना, पण ती रोज नेमाने बघणारे असे विरोधी भक्तही असतात. रावणही रामाचं नाव घेतच होता की!

आमच्या सौभाग्यवतींचा पंथ तिसरा. त्या मालिका बघत नाहीत. त्यांच्या ‘कानावर पडतं’. हातात लाटणं घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असतात आणि कान इतके लांबून काम करतात की एकदा जाहिरात संपेपर्यंत तव्यावर पोळीचा कोळसा झाला. २ डिसेंबर २०२२ ला ‘तुझ्यात जीव रंगला’मधले राणादा आणि पाठकबाई, म्हणजे हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर, यांनी खरोखरचं लग्न केलं. मी ही बातमी वाचून दाखवल्यावर ही म्हणाली, “इश्श! यांचं झालं होतं ना? आपण नव्हतो का गेलो?”

आम्ही गेलो नव्हतो. आम्ही कोचावर होतो. पण तिची चूक नाही. त्या कोचावर बसून आम्ही एवढी लग्नं लावली आहेत की त्या सगळ्यांचे आहेर द्यायचे झाले असते तर माझा प्रॉव्हिडंट फंड बारशापर्यंतही पुरला नसता.

मी काही आजकालचा भक्त नव्हे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढे चार वर्षांनी मी नोकरीसाठी वाईहून मुंबईला आलो आणि गिरगावातल्या चाळीत मामाकडे राहिलो. अख्ख्या मजल्यावर एकच टी.व्ही. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ मी त्या बिऱ्हाडाच्या उंबऱ्यावर, दुसऱ्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून पाहिले. मध्येच ‘रुकावट के लिए खेद है’ अशी पाटी यायची. आम्ही पाटीही बघायचो. उठलं तर जागा जायची.

७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झालं तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. आम्ही हप्त्यावर संच घेतला. एका खोलीत आम्ही दोघं, आणि संचातल्या त्या चिमुकल्या घरात बसेसर राम, त्यांची पाच पोरं, आजी-आजोबा. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन काय शिकायचं ते समजावून सांगत. आता तशी सोय राहिली नाही. आता भाग संपतो तेव्हा कुणाचा तरी डोळा मोठा होतो, तो तीन वेळा तीन बाजूंनी दाखवतात, आणि काय शिकायचं ते आपलं आपण शिकायचं.

दोन हजार सालाच्या आसपास आपल्याकडे मालिका रोज यायला लागल्या आणि काळ या गोष्टीवरचा माझा विश्वास उडाला. ‘चार दिवस सासूचे’ २००१ मध्ये सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली. तीन हजारांहून जास्त भाग! नाव ‘चार दिवस’. आमच्या कचेरीत कुणी चार दिवसांची रजा टाकून बारा वर्षांनी उगवला असता तर काय झालं असतं? मी जन्मभर हिशेबखात्यात होतो. आकडा जुळला नाही की झोप लागत नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’मधली जान्हवी गरोदर राहिली तेव्हा मी सवयीनं डायरीत तारीख टाकून ठेवली. नऊ महिने झाले, तरी त्या घरात सगळे तिला जपून चालायलाच सांगत होते. शेवटी हिनं ती डायरी काढून घेतली. म्हणाली, “तुम्हाला काय करायचंय? तिच्या सहा सासवा आहेत बघायला!”

पण खरा भक्त खोड्या काढता काढता भक्ती करतो. मालिकेतल्या घरांचं मी बारकाईनं निरीक्षण केलं आहे. तिथे गॅसचा सिलिंडर कधी संपत नाही. सकाळी पाणी जात नाही. बाई झोपताना नथ काढत नाही. गुपित नेहमी मोठ्यानं बोलायचं असतं, आणि त्या वेळी दाराआड जिनं ऐकू नये ती उभी असते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, संध्याकाळी सातला या घरांत कुणीही टी.व्ही. लावत नाही. त्यांच्या सगळ्या दुःखाचं मूळ मला यातच दिसतं. बिचाऱ्यांना दुसऱ्याच्या घरातलं बघायची सोय नाही. मग ते आपल्याच घरात बघत बसतात.

आमच्या घरात सोय होती, म्हणून आमचं एक भांडण मिटलं. आता ते सांगतो.

वाईला आमचं घर आहे. पुढं ओसरी, मधे माजघर, मागे दोन खोल्या, न्हाणी आणि परसात विहीर. वडील २००९ साली गेले आणि घर तिघांचं झालं: पुण्याचा दादा, मुंबईचा मी, आणि त्या घरातच राहणारी अक्का. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. आधी आईचं आणि मग वडिलांचं शेवटपर्यंत तिनं केलं. ‘केलं’ हा शब्द लिहायला दोन अक्षरांचा आहे. त्यात अकरा वर्षं आहेत.

पुढे एका बिल्डरचा निरोप आला. दादाचं म्हणणं, विकून टाकू. अक्काचं म्हणणं काहीच नव्हतं. ती गप्प बसायची. २०१५ च्या दिवाळीत फराळाला बसलो असताना दादा तिला म्हणाला, “तू एकटी. तुला एवढं घर कशाला?” अक्का उठली, आत गेली, आणि आमच्या दोघांचे चिवड्याचे डबे भरून आणून पुढ्यात ठेवले. डबे भरले म्हणजे गाडीची वेळ झाली, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

मग पाच वर्षं आमचं नातं भाऊबिजेच्या फोनवर आलं. “पोचली का ओवाळणी?” “पोचली.” “बरी आहेस ना?” “बरी आहे.” एवढ्या कमी संवादात मालिकेचा एक प्रोमोसुद्धा होणार नाही.

मग मार्च २०२० उजाडला आणि सगळा देश घरात बसला. चित्रीकरणं बंद पडली. चालू मालिका जिथे होत्या तिथे थांबल्या. कुणाचा मंडपात अंतरपाट धरलेला, कुणी इस्पितळात शुद्धीवर यायच्या बेतात. अशा वेळी २८ मार्चपासून दूरदर्शननं जुनी ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा लावली. त्याच दिवशी रात्री दहाला फोन वाजला. अक्का!

“रामायण लागलंय. बघतोयस का?”

“बघतोय.”

“आंघोळ करून बसला होतास ना?”

१९८७ साली रामानंद सागरांची ही मालिका प्रथम लागली तेव्हा रविवारी सकाळी साडेनऊला अर्धी गल्ली आमच्या माजघरात असायची आणि अक्का संचाला हार घालायची. मी सुट्टीत गेलो की बिनआंघोळीचा म्हणून ती मला ओसरीवर बसवायची, आणि मला राम फक्त कमरेपासून खाली दिसायचा. ते तिला तेहतीस वर्षांनी आठवत होतं. दूरदर्शननं पुढे जाहीर केलं की १६ एप्रिल २०२० ला ७ कोटी ७० लाख लोकांनी ‘रामायण’ पाहिलं. त्यातली दोन माणसं भाग संपल्यावर रोज रात्री दहाला एकमेकांशी फोनवर बोलत होती, हे त्या आकड्यात आलेलं नाही.

घराचा विषय आम्ही दोघंही काढत नव्हतो. आम्ही फक्त मालिकेबद्दल बोलत होतो. भरत पादुका मागतो तो भाग झाला. भरत झालेले संजय जोग आपले मराठी नट. अक्कानं नाक ओढल्याचा आवाज फोनवर ऐकू आला. मग म्हणाली, “चौदा वर्षं सांभाळलं रे त्यानं दुसऱ्याचं राज्य. आणि तेसुद्धा गावाबाहेर राहून.”

“हो ना.”

“कुणी त्याला म्हणालं नाही, तू एकटा, तुला एवढं राज्य कशाला.”

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. दाराशी लाटणं थांबलं होतं.

महाभारत संध्याकाळी सातला असायचं. आता नीट विचार केला तर महाभारत म्हणजे दुसरं काय आहे? वाटणीचा दावा. फक्त वकिलाऐवजी शकुनी. पांडवांच्या वाट्याला खांडवप्रस्थाचं रान आलं त्या रात्री अक्का म्हणाली, “घरी राहणाऱ्याला नेहमी रानच देतात.” मी म्हणालो, “पण अक्का, घरी राहणारे कौरव होते. पांडव बाहेरून आले.” “मग मी पांडव आहे की कौरव ते तूच ठरव,” ती म्हणाली. अठरा दिवस युद्ध चाललं तरी अर्जुनाला एवढी अवघड वेळ आली नसेल. बरं, त्याला कृष्ण होता. मला फक्त कानावर पडणारी बायको होती, आणि ती दारातून हातवारे करून ‘काहीतरी बोला’ म्हणत होती.

मी म्हणालो, “पुढच्या भागात बघू.”

मग कृष्णशिष्टाईचा भाग आला. नितीश भारद्वाज दुर्योधनाच्या दरबारात उभे. पाच पांडवांना निदान पाच गावं द्या म्हणून. आणि दुर्योधनाचं उत्तर आपल्याला पाठच आहे: सुईच्या अग्रावर राहील एवढीही माती नाही. रात्री दहा वाजले. फोन आला नाही. सव्वादहाला मीच केला.

“अक्का, तू कृष्ण असतीस तर काय मागितलं असतंस?”

बराच वेळ नुसता तिकडच्या भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. ते घड्याळ वडिलांचं.

“मला पाच गावं काय करायचीत?” ती म्हणाली. “मागच्या दोन खोल्या, न्हाणी, आणि विहीर. विहिरीवर सकाळी बसवतं मला. पुढचं विका, काय करायचं ते करा. पण तुझा दादा ‘कशाला’ म्हणाला ना, ते नको होतं.”

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. दादा मालिका बघत नाही. तो खरोखरच बातम्या बघतो. मी तीन मिनिटांत सगळं सांगितलं. दादा गप्प झाला. मग म्हणाला, “एवढंच होतं? मग इतकी वर्षं तुम्ही दोघं बोलला का नाहीत?” आता त्याला काय सांगणार? इतकी वर्षं महाभारत लागलं नव्हतं!

त्या रात्री दादानं वाईला फोन केला. काय बोलला ते मला ठाऊक नाही, कारण दाराआड उभं राहायची सोय नव्हती. अक्का मला एवढंच म्हणाली, “रडला जरा. लहानपणी शाळेत जाताना रडायचा तसा.” आम्ही तोंडी ठरवलं: मागची बाजू अक्काच्या नावावर, पुढची विकायची, पैशाचे तीन सारखे वाटे. नंतर ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलासारखाच जन्मापासूनचा आहे. अक्कानं तो पेपरात वाचला. “कोर्टाला उशीर होतोच,” ती म्हणाली.

मालिका पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एक धरली: ‘आई कुठे काय करते’. नवऱ्याचं बाहेर काय चाललं आहे ते अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक, फक्त अरुंधतीलाच नाही, ही गोष्ट अक्काला सोसवत नसे. ती संचासमोर बसून ओरडायची, “अगं, त्याचा फोन बघ!” २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरणावर पुन्हा बंदी आली आणि मालिकांची बिऱ्हाडं गोव्याला, सिल्वासाला हलली. ज्यांच्या घरात चहावरून भांडणं चालायची ती कुटुंबं एकदम सहलीला निघाली. अक्का म्हणाली, “हे बरंय. आपल्याला दूध आणायला जाता येत नाही, आणि यांचं बघ!”

२०२३ मध्ये अरुंधतीनं आशुतोषशी दुसरं लग्न केलं, त्या दिवशी अक्कानं गव्हल्यांची खीर केली. फोनवर तिचा आवाज वेगळाच लागला.

“आमच्या वेळी हे नव्हतं रे.”

“मालिका?”

“मालिकाही.”

मी पुढं विचारलं नाही. काही भाग दाखवायचे नसतात. मग तीच हसून म्हणाली, “आणि ‘अक्का कुठे काय करते’ अशी मालिका कुणी काढणारही नाही.” मी म्हणालो, “काढली तर तीन हजार भाग होतील.” “हो,” ती म्हणाली, “आणि त्यातले अकरा वर्षांचे भाग नुसते औषधाच्या वेळांचे.”

पुढच्या वर्षी लेखकानं आशुतोषला अपघातात मारला. त्या रात्री अक्का जेवली नाही. पेलाभर दूध घेऊन निजली. त्याच सुमारास ती मालिका संध्याकाळवरून दुपारी अडीचला गेली. सून जुनी झाली की तिला कामं दुपारचीच येतात. तरी अक्कानं निष्ठा सोडली नाही. वामकुक्षी पुढे ढकलली.

३० नोव्हेंबर २०२४ ला ती मालिका संपली. जवळजवळ पाच वर्षांचा शेजार! दुसऱ्या दिवशी रात्री दहाला फोन वाजला आणि आम्ही दोघंही पंचाईतीत पडलो. बोलायचं काय? अक्कानं विहिरीचं पाणी सांगितलं. मी इथला उकाडा सांगितला. दादाची साखर सांगून झाली. मग दोन्हीकडे शांतता.

“अरे,” अक्का एकदम म्हणाली, “त्या नव्या मालिकेची जाहिरात पाहिलीस का? धरू या का पहिल्यापासून?”

“चांगली असेल का पण?”

“वाईट असली तर उत्तम,” अक्का म्हणाली. “बोलायला जास्त मिळतं.”